सौवर्णीचे महापंडित

सदर इसमाचे पूर्ण नाव श्री. देवराम गोटीराम फुलसुंदर. शिक्षण एम. ए. (संस्कृत), बी. एड. मूळ गाव मखमलाबाद, तालुका व जिल्हा नाशिक; सध्याचा पत्ता इंदिरानगर, नाशिक. उपजीविका: एका अनुदानित माध्यमिक शाळेत संस्कृत व मराठी या विषयांचे अध्यापन. याखेरीज धारण केलेले पद: राजभाषा महापंडित, सुवर्णद्वीप साम्राज्य, सहा प्रांत, दोन सामुद्रधुन्या आणि एक वादग्रस्त खिंड यांसह. नेमणूक आजीवन. मानधन निरंक. अधिकारक्षेत्र: उक्त साम्राज्यात कोणत्याही जिवंत, मृत अथवा मंत्रबद्ध व्यक्तीने उच्चारलेला प्रत्येक शब्द. ओळखीची खूण: शर्टाच्या खिशात लाल पेन.

हे साम्राज्य सरांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, सुनीलच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये होतं. दर रविवारी दुपारी चारला ते सुरू व्हायचं आणि सुनीलच्या बायकोला टीव्ही लावायचा असला की संपायचं.

त्याचं असं झालं. सरांचा जुना विद्यार्थी महेश कॉलेज रोडवर कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्याचा मामेभाऊ १९९८ साली अमेरिकेहून आला, तो चॉकलेटांऐवजी एक जाडजूड पुस्तक आणि मूठभर फासे घेऊन. एखादा चार बाजूंचा, एखादा आठ, एखादा वीस. फासा सहा बाजूंचा असतो एवढंच नाशिकला ठाऊक, त्यामुळे महेशच्या आईने हे त्र्यंबकच्या कुठल्याशा शांतीतले खडे असावेत म्हणून काही दिवस देव्हाऱ्यात ठेवून त्यांना हळद-कुंकू वाहिलं होतं. वीस बाजूंच्या फाशावरचं कुंकू शेवटपर्यंत पुरतं निघालं नाही.

खेळ साधा होता. एकाने जग सांगायचं आणि बाकीच्यांनी त्या जगातलं एकेक माणूस व्हायचं: कोणी राजा, कोणी व्यापारी, कोणी राक्षस. आपला माणूस काय करतो, काय बोलतो ते ज्याने त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. जग सांगायचं काम महेशकडे. राजा सुनील, कारण फ्लॅट त्याचा. सुनील औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. भर उन्हात टाय लावून डॉक्टरांच्या दाराशी तासन्‌तास बसायची सवय असल्यामुळे दरबारी शिष्टाचार त्याला नवा नव्हता, फक्त बाजू बदलली होती. मूळचा सटाण्याचा चंदर नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता. तो व्यापारी.

वर्षभर खेळून झाल्यावर महेश सरांकडे आला.

"सर, आमच्या साम्राज्याला राजभाषा हवीये. दरबारात मराठी बोललं की मजा जाते. सुनील 'सेनापती, हल्ला चढवा' म्हणाला की महापालिकेची सभा चालल्यासारखं वाटतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "बोलणारे किती आहेत?"

"कशाचे?"

"या तुमच्या भाषेचे."

"अजून भाषाच नाही सर. बोलणारं कोण असणार?"

सरांनी चष्मा पुन्हा घातला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे अशी भाषा आली होती की जी अजून कोणी बिघडवलेली नव्हती. ते हो म्हणाले.

सरांना याचा एवढा मोह का पडला ते कळायला थोडं मागे जावं लागतं. फार लांब नाही, मखमलाबादपर्यंत. तिथे गोटीराम फुलसुंदरांचा मळा होता. मेथी, शेपू, कोथिंबीर, बांधाच्या कडेने झेंडू. गोटीरामांची बायको नवसाबाई रोज पहाटे पाटी घेऊन बाजारात जायची. मुलगा देवराम पाचवीत शहरातल्या शाळेत आला. पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारलं, वडील काय करतात? देवराम उभा राहिला आणि म्हणाला, "मळा हाय आमचा. लय मोठा नाय." गुरुजींनी ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग आणखी एकदा, कारण मागच्या बाकांवर नीट ऐकू गेलं नव्हतं. वर्ग पोट धरून हसला. दुसरा एखादा मुलगा त्या गुरुजींवर जन्मभर डूख धरून राहिला असता. देवरामला गुरुजींचं पटलं.

संध्याकाळी घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "हाय नाही, आहे म्हण."

"आहे तर आहे," नवसाबाई म्हणाली. "जुड्या बांधाय लाग आता."

त्या दिवसापासून मायलेकांत बोलणं म्हणजे एकीने बोलायचं आणि दुसऱ्याने दुरुस्त करायचं, असा रिवाज पडला. पुढे नवसाबाईने बोलणं कमी केलं. सरांनी याचा अर्थ सुधारणा होत आहे असा लावला.

शिक्षक झाल्यावर सरांनी आपलं कार्यक्षेत्र विस्तारलं. सलूनची पाटी, देवळाची सूचना, नळपट्टीचं बिल, काही सुटत नसे. लग्नपत्रिका द्यायला आलेला माणूस पत्रिका परत घेऊन जायचा, लाल झालेली. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं वाक्य तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवून मग बोलत, आणि पुढे आपली मुलं न चुकता इंग्रजी शाळेत घालत. सरांची बायको सुमनबाई मूळची ओझरची; ती नवऱ्याशी बोलताना मान डोलावून काम भागवायची आणि शेजारणीशी गच्चीवर जाऊन बोलायची.

तर अशा माणसाच्या हातात कोरी भाषा आली. सरांनी उन्हाळ्याची अख्खी सुटी तिला दिली. नाव ठेवलं सौवर्णी. तिच्यात सकाळच्या उन्हाला नऊ शब्द होते आणि राजाला एकवीस उपाध्या. हत्ती झोपलेला असेल तर एक शब्द, झोपेचं सोंग घेत असेल तर दुसरा. भाजीपाल्याला मात्र एकही शब्द नव्हता. मेथी नाही, शेपू नाही, कोथिंबीर नाही. हे विसरून झालं असं कोणी म्हणू शकणार नाही. कमळाच्या देठाच्या आतल्या धाग्याला ज्या माणसाने शब्द दिला होता, तो कांदा विसरेल हे शक्य नव्हतं.

चंदरने पहिल्याच रविवारी ते हेरलं. "सर, मी राजधानीत कांदा आणलाय दहा गाड्या. सौवर्णीत कांद्याला काय म्हणायचं?"

"सौवर्णी भाषक कांदा खात नाहीत."

"मग खातात काय?"

"मध. फळं. क्वचित सोमरस."

"अन भाकरीसंगं?"

सरांनी वही मिटली. भाकरीलाही शब्द नव्हता.

त्याच सुटीत, एका परीक्षेच्या पर्यवेक्षणात वेळ जात नव्हता म्हणून, सरांनी डोंगरातल्या राक्षसांसाठीही एक भाषा करून टाकली. वहीचं एक पान. नाव घुरी. राक्षसांना याहून जास्त लागणार नाही असं त्यांचं मत होतं.

मग आली मान्यता परीक्षा. ही सरांची खास देणगी. त्यांचा नियम असा की राजवाड्यात फक्त सौवर्णीच बोलायची, आणि तीही महापंडितांची तोंडी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यानेच. बाकी कोणी तोंड उघडलं तर ती अशुद्धी. प्रत्येक अशुद्धीला त्या पात्राचा काही प्राण कमी. महेशला हा नियम गमतीचा वाटला आणि त्याने तो मान्य केला. दुसऱ्याच रविवारी सुनील सिंहासनावरून चुकून "थांबा जरा, बेल वाजली" असं म्हणाला. दार उघडून परत येईपर्यंत सम्राट एवढा खंगला होता की त्याला मुकुट पेलवेना.

परीक्षेला सगळे बसले. सगळे नापास झाले. फेरपरीक्षा झाली. सुनीलने तर डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसून एकवीस उपाध्या पाठ केल्या, पण त्याचा श्वास चुकीच्या जागी तुटत होता. सरांनी त्याला एवढी सवलत दिली की सम्राटांनी मान हलवावी. तेव्हापासून सुवर्णद्वीपाचा कारभार मानेवर चालू लागला. उभी मान म्हणजे होय, आडवी म्हणजे नाही, तिरकी म्हणजे सुनीलला मोबाइलवर फोन आला आहे.

राजवाड्यात बोलायची सोय राहिली नाही, तेव्हा माणसं बाहेर बाजारात जाऊन बोलू लागली. तिथे नियम नव्हता. सौदे बाजारात ठरू लागले, हेरांच्या भेटी बाजारात, सोयरिकी बाजारात. हळूहळू मंत्रिमंडळाची बैठकही कांद्याच्या गाड्यांमागे भरू लागली.

सरिता आली ती साधारण या सुमाराला, २००० साली. ती सुरगाण्याकडची, नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स. सुनीलची तिथे ये-जा, त्यातून ओळख. ती आली तेव्हा बरीचशी पात्रं वाटून झाली होती.

"राक्षसीण उरलीये," महेश जरा ओशाळून म्हणाला. "डोंगरातली. खिंड राखते."

"चालेल की," सरिता म्हणाली. "ड्युटीवर तेच करते."

सरांनी तिच्या हातात घुरीचं पान दिलं. तिने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"सर, राक्षसांच्या भाषेत आईला आयस म्हणतात?"

"हो."

"अन बापाला बाहास."

"हो. का?"

"काय नाय. नाचणीला राक्षस पण नागलीच म्हणतात ते बघून बरं वाटलं. कुठून आणली ही भाषा?"

"कल्पनेतून."

"तुमची कल्पना सुरगाण्याच्या जीपनं आलेली दिसते, सर. लटकत आली असणार. आत जागा भेटत नाय."

चंदर एवढ्या जोरात हसला की त्याच्या हातातला फासा सोफ्याखाली गेला. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या क्षणी त्यांना पाचवीचा वर्ग आठवला असता तर पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या असत्या. त्यांना निवडणुकीची ड्युटी आठवली: सुरगाण्याच्या स्टँडवर जीपची वाट पाहण्यात गेलेली एक दुपार, आणि शेजारी बसून गप्पा मारणाऱ्या बायका. त्यांनी घसा खाकरला. "भाषाभाषांत साम्य आढळतं," ते म्हणाले.

पान परत मागितलं तर सरिता म्हणाली, "राहू द्या. घरचंच आहे."

महेशचा एक नियम होता, आणि सुवर्णद्वीपात भाषेचं जे काही झालं ते निम्मं त्या नियमामुळे. एखादा रविवार चुकला की त्या जगात शंभर वर्षं गेली असं धरायचं. जुनी पात्रं मेली, त्यांची नातवंडं-पतवंडं खेळायला आली, राजाचा पणतू राजा झाला. त्यामुळे सुवर्णद्वीपाचा इतिहास नाशिकच्या पंचांगावर चालायचा. कोणाच्या घरी बारसं निघालं की एक शतक. दिवाळीला दोन. २००३च्या कुंभमेळ्यात रस्ते बंद, बॅरिकेड सगळीकडे. चंदरला द्वारकेहून इंदिरानगरला येता येईना. साधू अंघोळी करून परत जाईस्तोवर सुवर्णद्वीपात तीनशे वर्षं उलटली होती.

आणि प्रत्येक खाड्यानंतर माणसं भेटली की बोलणं थोडं वेगळं झालेलं असायचं. ते कोणी ठरवून केलं नव्हतं. चंदर आपल्या माणसांत राहून यायचा, सरिता आपल्या. सौवर्णीत 'आहे'साठी सात शब्द होते, समोरच्याच्या पायरीप्रमाणे. बाजारात गिऱ्हाईकाची पायरी ठरेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या गाड्यावर जायचं. चंदर सटाण्याकडच्या बोलीत नुसतं "कांदा शे" म्हणायचा. सगळे म्हणू लागले. नागली, आयस, बाहास हे डोंगरातून खाली आले. सुनीलने 'टार्गेट' आणलं, महेशने 'सेव्ह'. राजवाड्यातून गळून पडलेला एखादा शब्दही कोणी उचलून नेला: सौवर्णीतला झोपेचं सोंग घेणारा हत्ती बाजारात सरकारी कारकुनासाठी वापरात आला आणि फार लोकप्रिय झाला. या सगळ्या काल्याला नाव पडलं हाटी.

सरांचं पद आजीवन असल्यामुळे ते मरत नसत. बाकीचे पिढ्यान्‌पिढ्या बदलत आणि महापंडित मात्र तेच, रिकाम्या दरबारात, लाल पेनासह. दर खाड्यानंतर महेश विचारायचा, "सर, दोनशे वर्षं झाली. सौवर्णीत काही बदल?"

"नाही."

"काहीच नाही?"

"बदलायला ती कोणी बोललेलं नाही," सर समाधानाने म्हणत.

पण ते बाजाराकडे कान देऊन बसत, हे सगळ्यांना दिसायचं. हाटीतला एकूण एक शब्द त्यांना ठाऊक होता, तो का चूक आहे यासह. त्या हॉलमध्ये हाटी सगळ्यात चांगली कोणाला येत असेल तर ती सरांना. फक्त ते ती बोलत नसत.

कुंभमेळ्यानंतर गंमत झाली. साम्राज्याचं मीठ सरिताच्या खिंडीतून यायचं. मीठ हवं त्याने खिंडीतल्यांशी गोड बोलायचं. गोड बोलायचं म्हणजे त्यांच्यासारखं बोलायचं. शे-दोनशे वर्षांत राजधानीतली चांगल्या घरची पोरं मुद्दाम राक्षसांसारखी हेल काढून बोलू लागली. सुनीलचा युवराज राजवाड्याच्या मागच्या भिंतीवरून उडी मारून बाजारात यायचा आणि पोरींवर छाप पाडायला घुरीतून शिव्या द्यायचा. सामुद्रधुनीच्या काठावरच्या हाटीला, म्हणजे चंदरच्या माणसांच्या बोलण्याला, गावंढळ समजलं जाऊ लागलं.

एका रविवारी चंदर म्हणाला, "लसूण शेऽ, घ्या."

सरिताने पट्कन त्याला अडवलं. "शेऽ नाय. शे. लांबवत नाय कुणी चांगल्या घरात. काठावरचे लांबवतात."

"मनाच शब्द शे तो!" चंदर उठून उभा राहिला. "अन मलेच शिकाडी राहिनी! काल डोंगरातून उतरली अन—"

"काल नाय. आठशे वर्षं झाली," सरिता म्हणाली. "अन राक्षस म्हणायचं नाय आता. खिंडवासी. महेशदादा, पुढच्या वर्षीपासून खिंडीत यायचं तर हाटी नीट यायला पाहिजे. मी विचारीन दोन-चार प्रश्न."

महेशने कपाळाला हात लावला. सरांनी मात्र मान वर करून तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तिच्याबद्दल आदर वाटला.

२००६च्या पावसाळ्यात महेशला पुण्याला नोकरी लागली. जाण्याआधी त्याला साम्राज्याचं काहीतरी कडेला लावायचं होतं. तो शनिवारी सरांकडे आला. सुमनबाईंनी चहा ठेवला आणि त्या गच्चीवर गेल्या.

"सर, उद्या राजधानीवर हल्ला आहे. उत्तरेचे घोडेस्वार."

"येऊ देत."

"वेशीचं दार वेळेत लागलं तर राजधानी वाचते. पण राजवाड्याच्या हुकुमाशिवाय ते लावता येत नाही, अन तुमचा नियम आहे, हुकूम सौवर्णीतच हवा. अन परीक्षा तर कोणीच पास नाही. उद्याच्या दिवस नियम सैल करा ना. सुनील हाटीत ओरडेल, दार लागेल."

"हाटीत दिलेला हुकूम हा हुकूम नसतो," सर म्हणाले. "तो आरडाओरडा असतो."

"पण राजवाडा गेला की सौवर्णी कुठं राहणार? बाहेर ती कोणी बोलत नाही, सर. तुमचं पद—"

"सौवर्णी कोणी बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही, महेश," सर मध्येच म्हणाले. ते एकदम हळू आवाजात बोलले, त्यामुळे महेशला वाटलं त्यांना राग आला. "एकदा ऐकायची आहे. पूर्ण. मधे कोणी न बोलता."

महेशने चहा संपवला आणि निघाला.

रविवारी सगळे वेळेवर आले. सुनीलच्या बायकोने टीव्हीवरचा हक्क त्या दिवसापुरता सोडला होता. महेशने लढाईसाठीचं वाळूचं घड्याळ टेबलावर ठेवलं. त्याचा दंडक होता: लढाईत बोलायचं ते वाळू संपायच्या आत, त्यानंतरचं बोलणं फुकट. पूर्वी दोनदा-तीनदा माणसं 'वाचवा' म्हणता म्हणता मेली होती.

"धूळ दिसतेय," महेश म्हणाला. "घोडे टेकडी उतरलेत. वेशीचं दार सताड उघडं आहे. वेशीवर कोण?"

"मी," चंदर म्हणाला. त्याच्या व्यापाऱ्याच्या खापरपणतवाने वेशीची सुभेदारी मिळवली होती. "दोन्ही फळ्यांवर माणसं उभी शेत. हुकूम द्या, ढकलतो."

"माझे खिंडवासी आत आलेत मदतीला," सरिता म्हणाली. "दाराचा आडणा त्यांच्या हातात आहे."

महेशने घड्याळ उलटं केलं. सुनीलने सिंहासनावरून, म्हणजे बीन बॅगवरून, जोरजोरात मान हलवली.

"ही मान हो म्हणून का नाय म्हणून?" चंदर म्हणाला. "अन कशाला हो? उघडं ठेवू का लावू?"

सुनीलने आणखी जोरात मान हलवली. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण तो बोलला नाही. एकदा खंगलेला राजा पुन्हा ती चूक करत नाही. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

सर उठून उभे राहिले. या हॉलमध्ये ते कधी उभे राहून बोलले नव्हते. त्यांनी शर्ट खाली ओढून नीट केला आणि सुरुवात केली.

सौवर्णीत राजाचा हुकूम राजाच्या एकवीस उपाध्यांनी सुरू होतो. हा त्यांनीच घातलेला रिवाज. उपाध्या सोडल्या तर हुकूम राजाचा आहे हे कळणार कसं? पहिली उपाधी: हिरण्यमौलि. दुसरी: सप्तार्णवसाक्षी. तिसरी. चौथी. पंखा फिरत होता, वाळू पडत होती. सुनीलची बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्या भाषेत काहीतरी होतं, ते खोटं कशाला सांगा. महादेवाच्या गाभाऱ्यात भांडं पडल्यावर घुमतं तसं ते हॉलमध्ये घुमत होतं. पाचवी. सहावी.

निम्मी वाळू खाली गेली तेव्हा सरिताला राहवेना.

"सर, दार लाव म्हणा! दोन शब्द! हाटीत म्हणा, तुम्हाला येतं, मला माहितीये तुम्हाला येतं! मी लावते दार!"

सरांची नजर तिच्याकडे गेली आणि घड्याळाकडे गेली. ओठांची हालचाल एक क्षण थांबली. दोन शब्द होते. ते त्यांना पाचवीच्या आधीपासून येत होते. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि पुढची उपाधी म्हटली. आणि तिच्या पुढची.

"वाळू संपली," महेश म्हणाला, पण हळूच. सर थांबले नाहीत, म्हणून त्याने पुढचं जगही हळूच सांगितलं, देवळात कोणी कानाशी लागून बोलावं तसं. "घोडेस्वार आत आले. थेट राजवाड्याकडे निघालेत. थोडे जण बाजारात थांबले. कांद्याचा भाव विचारतायत."

"कुठल्या भाषेत?" चंदरने तितक्याच हळू विचारलं.

"हाटीत. उत्तरेची आहे जरा, पण हाटीच."

"मग सांगतो," चंदर म्हणाला, आणि त्याने भाव सांगितला. बाजाराला कोणी हात लावला नाही. राजवाडा पेटला. खिंडवासी आडणा टाकून मिठाच्या पोत्यांकडे गेले. सुनीलचा राजा मान हलवत हलवत धरला गेला; हो की नाही ते पकडणाऱ्यांनाही कळलं नाही.

सर अठराव्या उपाधीवर होते. मग एकोणिसावी, विसावी, एकविसावी. मग वेशीसाठीचं विशेषण, मग वेस, मग अगदी शेवटी, जिथे सौवर्णीत ते येतं तिथे, क्रियापद. हुकूम पूर्ण झाला. कोणीही मधे बोललं नव्हतं, म्हणजे सरांच्या लेखी तरी नाही.

"भारी झालं, सर," सुनील बीन बॅगवरून उठत म्हणाला.

"अंगावर काटा आला," महेश म्हणाला, आणि ते खरं होतं.

चंदरने फासे गोळा करायला घेतले.

सर मात्र खाली बसले नाहीत. खिशातल्या लाल पेनावर हात ठेवून ते उभे राहिले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. परीक्षेच्या वेळी मुलं त्यांच्याकडे पाहायची तसे. हुकुमात एक चूक झाली होती. घड्याळाकडे बघण्याच्या नादात आठवी उपाधी सातवीच्या आधी आली होती. ती तोंडातून निघाली तेव्हाच सरांच्या लक्षात आली होती, आणि आता ते कोणीतरी ती दाखवून देईल म्हणून थांबले होते. ते बराच वेळ थांबले. सुनीलच्या बायकोने पोहे आणून ठेवले.

कोणी काही दाखवलं नाही. त्या हॉलमध्ये दुसऱ्या कोणाला सौवर्णी येत नव्हती.